हात जरा जड झालाय

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, साधं कधी बोललेच नाहीत. भूक लागली की म्हणायचे, "वहिनी, आता भिंतीचे पोपडे खाईन." अंघोळीचं पाणी थोडं कढत निघालं की, "सोलून निघालो." चप्पल सापडेना झाली तर सगळं जग पालथं घालून झालेलं असायचं, आणि चप्पल पलंगाखाली.

ते एका साप्ताहिकात क्रमशः कथा लिहायचे. त्यांची बायको, माझी जाऊ, शिवणकाम करते. तिला सगळे धाकटीच म्हणतात. एकाच खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि मशीनला पाठ लावून त्यांचं टेबल. तिच्या चिंध्या त्यांच्या कागदांत, त्यांची शाई तिच्या अस्तरांवर. आमच्या खोल्या जिन्याच्या पलीकडे, त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे.

त्या दोघांची एक रीत होती. भाऊजींनी काही फुगवून सांगितलं की धाकटी कापड बेतायची मोठी कात्री हवेत उघडून मिटायची. कच्. मग उरलेलं तेवढं सांगायची.

"आज उकाड्याने माझं लोणी झालं."

कच्. "घाम आलाय."

"संपादकांनी मला फाडून खाल्लं."

कच्. "उशीर झाला म्हणून बोलले असतील."

कात्री हाताशी नसली तर दोन बोटं हलवायची. आल्यागेल्यालाही सवय झाली होती. भाऊजी बोलले की माणसं आधी धाकटीकडे बघायची, किती शिल्लक राहतंय ते. भाऊजी खूश असायचे. "ही माझी खरी संपादक," म्हणायचे, "पण हिला राजीनामा देता येत नाही."

धाकटीने त्यांची एक ओळ कधी वाचली नव्हती. "दिवसभर फुकट ऐकते ते पुरे झालं. वाचायची हौस मोठ्या जाऊबाईंना." ते खरंच होतं. दुपारी देवाचं आटोपलं, वहीत त्या दिवसाच्या चार ओळी लिहिल्या, की मी अंक उघडायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, ती मुलगी रडली तर उशीला कोंब फुटले? जरा अतीच नाही का झालं?"

"मग काय लिहू? खूप रडली? खूप रडली म्हटलं की तुम्ही पान उलटता. कोंब फुटले म्हटलं की थांबता."

"पण खोटंच ना ते?"

"तुम्ही उशी तपासायला जाणार आहात का? नाही ना? मग खोटं कुठलं? मला माहीत आहे कोंब फुटत नाहीत, तुम्हालाही माहीत आहे. दोघांना माहीत असलं की ती अतिशयोक्ती. एकालाच माहीत असलं की थाप." मग माझ्या देव्हाऱ्याकडे मान करून हळूच म्हणाले, "आणि तुम्ही रोज सकाळी त्यांना करुणेचा सागर म्हणता, ते काय मोजून?"

"देवाच्या बाबतीत ते कमीच पडतं."

"बघा. मलाही माझ्या माणसांच्या बाबतीत कमीच पडतं."

काही अंकांनंतर त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या कथेत पुढे मुलीची आई जाते. मी कोंबांच्या तयारीनेच वाचायला घेतलं होतं, तर तिथे एवढंच: त्या रात्री तिने एकच ताट वाढलं. उपमा नाही, काही नाही. मी विचारलं तर भाऊजी पेन पुसत म्हणाले, "लहान गोष्ट मोठी करून सांगायला मजा येते, वहिनी. खरंच मोठी आली की शब्द लहान करायचा. तिथे आवाज चढवला तर दुःख पळून जातं." हे बोलताना ते हसत नव्हते.

पुढचं मी धाकटीच्या तोंडून ऐकलेलं लिहिते. त्या सकाळी मी देवळात गेले होते.

धाकटी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसली होती. शाळा उघडायला आल्या होत्या आणि कॉलरी व्हायच्या होत्या. भाऊजी टेबलाशी लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "अगं, हात जरा जड झालाय."

तिने मान वर केली नाही. कात्री हातातच होती. कच्. "काही झालेलं नाही. झोपेत अंगाखाली आला असेल."

भाऊजी हसले. निदान तिला तसं वाटलं. तोंडाच्या कुठल्या बाजूने हसले ते तिने पाहिलं नाही. मग ते उठून आतल्या खोलीत आडवे झाले. घर शांत झालं, आणि धाकटीला बरं वाटलं. तिच्या सगळ्या कॉलरी झाल्या.

मी दुपारी देवळातून आले आणि फूल द्यायला आत गेले. भाऊजींचे डोळे उघडे होते. ओठ एका बाजूला उतरला होता आणि उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता. मी हाक मारली तर घशातून नुसता आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कधी झाली?"

"सकाळीच," धाकटी म्हणाली.

"मग आणायला दुपार का केलीत? यात वेळेलाच किंमत असते."

"ते जरा म्हणाले हो," ती म्हणाली. "नुसतं जरा."

डॉक्टरांना त्यात काही कळलं नाही. त्यांना कसं कळणार? त्यांनी भाऊजींचं भुकेने भिंत खाणं कधी ऐकलं नव्हतं.

भाऊजी घरी आले ते थोडे शब्द घेऊन. पाणी. दार. ऊन. नको. उजवा हात मांडीवर दुसऱ्याच्या सामानासारखा पडून असतो. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, वाचून दाखवा. वाचा येईल, न येईल, आत्ता सांगता येत नाही. तेव्हापासून धाकटीला दुसरं काही सुचत नाही. तिला वाटतं, एकदा त्यांच्या तोंडून काहीतरी अवास्तव निघालं की ते परत आले. तिने कपाटावरचा जुन्या अंकांचा गठ्ठा खाली काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं लिखाण वाचायला घेतलं. मापं वाचावीत तसं वाचते, एकेक शब्द सुटा. कापड बेतायला मात्र माझ्या खोलीत येते. कात्रीचा आवाज त्यांच्या कानावर पडायला नको, म्हणते.

"हे बघा, ती हसली आणि दुकानातले आरसे लखलखले. तुम्हीच लिहिलंय. म्हणा बरं."

भाऊजी बराच वेळ तिच्याकडे बघतात. "आरसा," म्हणतात.

"हो, पण लखलखले म्हणा."

"आरसा."

काल ती वाचत होती आणि मी वाती वळत बसले होते. वाचता वाचता ती अडली. "हे काय? आई मेली तिची, आणि नुसतं एकच ताट वाढलं? उशीच्या वेळी एवढं रामायण, आणि इथे एवढंसंच?"

मी वाती वळत राहिले. भाऊजींनी मला सांगितलेलं मला पाठ होतं, पण ते तिला सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग भाऊजींकडे बघितलं, त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. अंक मिटला.

"ताई," ती म्हणाली, "मोठं असलं की हे लहान बोलायचे का हो?"

मी मान डोलावली. ती रडली नाही. उठून चहा टाकायला गेली.

हल्ली मी देवापुढे बसले की करुणेच्या सागराशी येऊन अडते. सागर राहू दे, म्हणते. ओंजळभर दे.

धाकटीने कप भाऊजींच्या डाव्या हातात दिला आणि खाली बसली. त्यांना प्यायला वेळ लागतो. एकेक घोट, मध्ये थांबणं, ती पदराने हनुवटी पुसणार. शेवटच्या घोटापर्यंत चहा पार निवला होता.

"कसा झालाय? अमृत म्हणा," ती म्हणाली. "नाहीतर विष म्हणा. काहीही म्हणा, मी कापणार नाही."

भाऊजींनी कपात पाहिलं. "गरम," म्हणाले.

शब्द चुकला, की मुद्दाम वाढवून म्हणाले, मला सांगता येणार नाही. धाकटीची दोन बोटं सवयीने वर यायला लागली होती. तिने ती दुसऱ्या मुठीत घट्ट धरली आणि मांडीत दाबून ठेवली.

"हो," ती म्हणाली. "भाजलं असेल तुम्हाला."