बाळकृष्णाची अंघोळ

देवाने मला काही अनुभव द्यावा असं मी कधी मागितलं नव्हतं. त्या दिवसांत मी फक्त एक बाई मागत होतो. आईला उठवून बसवेल, अंग पुसून देईल, चार घास भरवेल अशी, पगारी. तीही देवाकडे नव्हे, जालन्याच्या एका एजन्सीकडे.

अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली होती. दवाखान्यात नळीवाटे जे पोटात गेलं ते तिला विचारून गेलं नव्हतं. नळी काढून अंबडला घरी आणलं, पलंग देवघरासमोर लावला आणि तिने तोंड मिटलं. आमचा पितळी बाळकृष्ण तिच्या माहेरून आलेला. सकाळी तिच्या हाताने त्याची अंघोळ, मग नैवेद्य, मग तिचं जेवण, हा क्रम लग्नापासून कधी मोडला नव्हता. मी ताम्हण घेऊन पुढे झालो तर म्हणाली, "त्याला दुसऱ्याचा हात चालत न्हाई." मग डाव्या हाताने घाल, असं मी सुचवलं. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ग्रंथपालाची माझी सगळी नोकरी फुकट गेली. डावा हात देवाला लावायचा नाही, उजवा उचलत नाही, आणि देवाच्या आधी जेवायचं नाही. ती पाणी आणि औषध तेवढं घ्यायची. डॉक्टरांनी बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर पुन्हा भरती करून नळी घालावी लागेल. आणि दवाखान्यातून निघताना आईने माझ्याकडे एकच मागितलं होतं, आता जे व्हायचं ते घरात होऊ दे.

एजन्सीने पाठवलेल्या पहिल्या मावशींचा जीव मोबाइलमध्ये होता. दुसऱ्या मावशींना मी म्हटलं, आईला जरा देवाजवळ धरून बसवा. त्यांनी थेट मालकाला फोन लावला. मालक मला म्हणाले, "सर, आमच्यात पेशंटचं सगळं येतं. देव येत न्हाई." देवाचं काही करायचं नाही, फक्त आईला धरायचं आहे, हे मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं. मावशी तोवर पिशवी भरत होत्या. "पेशंट जेवत न्हाई आन् उद्या माझ्यावर नाव यायचं," म्हणाल्या आणि गेल्या. मालकांनी सांगितलं, "लग्नसराई चालू आहे. सोमवारच्या आत बाई मिळायची न्हाई."

त्याच दुपारी आईचं सत्संग मंडळ आलं. अध्यक्षांनी पडलेल्या आईच्या अंगावर शाल घातली, उशाशी नारळ ठेवला आणि फोटो काढून घेतला. तिच्यासाठी सामूहिक जप ठेवू, स्पीकरची व्यवस्था आमच्याकडे, असंही म्हणाले. मी विचारलं, कुणी तासभर बसाल का, मी जरा बाहेर जाऊन बाई शोधतो. तेव्हा सगळ्यांना एकदम कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघरासमोर उभा राहिलो. हात जोडले नव्हते. एक दिवस माझ्या हातून अंघोळ करून घेतलीस तर तुझं काय बिघडतं, एवढंच मनातल्या मनात विचारलं. त्याला मी तेव्हा प्रार्थना म्हटलं नसतं. ते भांडण होतं.

थोड्या वेळाने दाराची कडी वाजली. बाहेर काळ्या बुरख्यातली एक उंच बाई, घामाघूम.

"कुलकर्णी सरांचं घर हेच का? म्हातारीला बघायला पाठवलंय एजन्सीनं. बस लेट झाली."

मी काही न विचारता तिला आत घेतलं. शमीमबी नाव. बुरखा खुंटीला लावून तिने तेल मागितलं आणि आईचा निकामी हात मांडीवर घेऊन चोळायला बसली. मग कोपराखाली धरून तो वर उचलू लागली, खाली आणू लागली. "जल्दी न्हाई अम्मा, आरामात," असं बोलत होती. आई वर जाणाऱ्या त्या हाताकडे एकटक बघत होती.

"तिकडं ने," आई अडखळत म्हणाली.

"किधर, अम्मा?"

आईने डोळ्यांनी देवघर दाखवलं. शमीमबीने हात अलगद खाली ठेवला. "अम्मा, मी मुसलमान हाय. चालंल का तुम्हाला?"

सर्वधर्मसमभावावर बोलायला मी तोंड उघडणार होतो. आईने ती वेळ येऊ दिली नाही.

"हात माझाच आहे. तू नुसता उचल."

मी स्टूल ओढलं, ताम्हणात बाळकृष्ण ठेवला. आईच्या सैल बोटांत छोटा गडू, त्यावर शमीमबीची मूठ. पाणी देवावर पडलं, तेवढंच चादरीवरही पडलं. आई मला म्हणाली, "गार आहे. तापवून आण." मी तापवून आणलं. नैवेद्याचा दूधभात दाखवून झाला आणि आईने शमीमबीच्या हातून तो खाल्ला, सावकाश, वाटी संपेपर्यंत. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिलो.

दुपारी मालकांचा फोन आला. "सर, आमची बाई चुकून तुमच्याकडं आल्ती का? ती मागच्या गल्लीतल्या कुलकर्ण्यांची होती. तिला पाठवून द्या."

"ती चुकून आलेली नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला. असं वाक्य माझ्या तोंडून निघेल यावर माझा आजही पुरता विश्वास नाही. मागच्या गल्लीत त्यांना दुसरी बाई मिळाली, हे मात्र मी चौकशी करून घेतलं.

आई जेवू लागली, हा सत्संगाचे अध्यक्ष आपल्या शालीचा प्रभाव मानतात. मी वाद घालत नाही. ज्याने कुणी त्या बाईला चुकीच्या गल्लीत वळवलं, त्याचे मी रोज आभार मानतो. आता हात जोडून.

शमीमबी आमच्याकडेच आहे. तिला चहा कडक लागतो, तेलावरून तिचं आणि आईचं रोज वाजतं. ईदला ती सुट्टी घेते, तेव्हा आईचा हात मी उचलतो. पाणी बरोबर मध्यावर पडावं म्हणून मी तो घट्ट धरतो, नेम धरतो, आणि दरवेळी आईची बोलणी खातो.

"ओढू नको रे," ती म्हणते. "सैल धर. जाईल तो आपोआप."