पश्चिमेच्या खिडकीतला बिगोनिया

सुपरिटेंडंट साहेबांनी खिडकीबाहेरच्या पेटीतलं वाळलेलं रोप उपटून टेबलावर ठेवलं. मला म्हणाले, "महिनाही झाला नाही लावून. नवीन रोपं द्या. आणि पाण्याचं काम पुढच्या महिन्यापासून एजन्सीकडे देतो."

दारात चंद्रकलाबाई उभ्या होत्या. या कार्यालयात रोजंदारीवर झाडलोट आणि झाडांना पाणी, दोन्ही त्यांच्याकडे. एजन्सी आली की त्यांचं काम जाणार, हे त्यांना कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तं रोज पाणी टाकत होती साहेब."

मी तेलंगणात, इचोड्याच्या एका नर्सरीत सुपरवायझर आहे. मला आदिलाबादला फक्त ऑर्डर घ्यायला पाठवलं होतं. ऑर्डर घेऊन निघायचं सोडून मी म्हणाले, "सर, आधी पेट्या बघते. रोप मेलं की पाणी घालणारीच दोषी, हे कुणी ठरवलं?"

पेट्या म्हणजे पत्र्याचे लांबट डबे, लोखंडी अँगलवर बसवलेले. नऊ खिडक्या, सगळ्या पश्चिमेला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सरळ ऊन. पानांच्या कडा करपलेल्या, खोडाशी मात्र चिखल. उन्हानं रोप मान टाकतं. माणसाला वाटतं तहान लागली, तो आणखी पाणी ओततो. बिगोनियाचं खोड आधीच पाण्यानं भरलेलं असतं, ते सडतं. पेट्यांना खाली भोकंही नव्हती, कारण नव्या रंगाच्या भिंतीवर ओघळ नकोत असा हुकूम होता.

आम्ही मुख्यतः दोन प्रकारचे बिगोनिया विकतो. एक पानांसाठी लावतात. मोठी, जांभळी-चंदेरी पानं, बघताच आवडतात. त्याला सावलीच हवी. दुसरा फुलांचा, लहान मेणचट पानांचा. त्यातही तांबूस पानांचा ऊन जास्त सोसतो, हिरव्या पानांचा कमी. इथे कुणीतरी पहिला प्रकार दिला होता.

मी तापले. साहेबांना ऐकवलं, की हा विकणाऱ्याचा बेजबाबदारपणा आहे आणि शिक्षा मात्र सगळ्यात खालच्या माणसाला. साहेबांनी ऐकून घेतलं. रोपं रंगकामाच्या ठेकेदारानं आणली होती. कुठून, ते त्यांना माहीत नव्हतं.

शेवटच्या पेटीतली माती उकरताना हाताला आइस्क्रीमची काडी लागली. रोपाचं नाव लिहायला आम्ही तीच वापरतो. तिच्यावर तेलुगूत लिहिलं होतं, 'बिगोनिया, नीडा'. अक्षर माझं होतं.

चंद्रकलाबाई शेजारीच होत्या. "काय लिवलं हाय बाई त्याच्यावर?"

"नीडा. म्हणजे सावली."

"मी मराठी चौथी शिकलेली. मले वाटलं, किंमत असन." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढं म्हाईत होतं, तं तोंडानं काऊन नाई सांगतलं?"

आता आठवलं. ठेकेदार टेंपो घेऊन आला होता, सगळ्यात भारी दिसतं ते द्या म्हणाला, मी दिलं. खिडकी कुठल्या तोंडाची, पाणी कोण घालणार, काही विचारलं नाही.

मी नर्सरीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, काडी पर्समध्ये टाक आणि ऑर्डर घेऊन ये. नुकतंच एवढं बोलून बसले नसते, तर कदाचित टाकलीही असती. मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"सर, विकणारी मीच. चूक माझी, बाईंची नाही."

त्यांनी काडी उलटून पाहिली. "म्हणजे इतका वेळ तुमी सोताले शिव्या देऊन राह्यल्या होत्या." मग विचारलं, "बरं, इथे टिकन काय?"

मी सांगितलं, तांबूस पानांचा फुलांचा बिगोनिया. तोही मार्चपर्यंतच. इथल्या उन्हाळ्यात तो पश्चिमेला उभा राहणार नाही, तेव्हा उन्हातच फुलणारा चिनी गुलाब लावू. पेट्यांना भोकं पाडायची आणि पाणी चंद्रकलाबाईंनीच घालायचं, या माझ्या अटी. साहेबांनी एजन्सीचा कागद महिनाभर थांबवला.

नर्सरीत शेडनेटच्या जाळीखाली वाढलेलं रोप थेट उन्हात ठेवलं तर तांबूससुद्धा करपतं. त्याला हळूहळू ऊन दाखवावं लागतं, याला हार्डनिंग म्हणतात. दहा-बारा दिवस नव्या रोपांचे ट्रे कार्यालयाच्या कडुलिंबाखाली होते. चंद्रकलाबाई ते रोज थोडे पुढे सरकवायच्या. मातीत बोट घालायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी, हे मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. नवव्या खिडकीचं मात्र मला सुचलं नसतं.

"हिले समोरच्या टिनाच्या छपराची झळ लागते," त्या म्हणाल्या. "इथं तुमचं फूल जगन नाई. सदाफुली लावा."

लावली.

महिना संपला तेव्हा आठ पेट्यांत लाल-गुलाबी बिगोनिया होता, नवव्या पेटीत सदाफुली. साहेबांनी एजन्सीचा कागद परत पाठवला. पाणी आजही चंद्रकलाबाईच घालतात. आमचे मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्याच कार्यालयातून मागच्या इमारतीसाठी ऑर्डर आली आणि बोलायला लागले.

धडा छोटा आहे. रोप दाखवण्याआधी खिडकीची दिशा विचारायची आणि पाणी घालणाऱ्या माणसाशी बोलायचं. ठेकेदाराशी बोलून रोपं फक्त विकली जातात.