सिरिलची भिंत

माझी शेजारीण मेव्हिस पेनफोल्ड. तिचं घर स्टॅमफर्डमधल्या जुन्या दगडी घरांपैकी एक. त्याच्या भिंतीला दगडाचे दोन पदर, मधे खडीगोट्यांची भर आणि सांधे चुन्याचे. चुना ओल शोषतो नि बाहेर सोडतो, म्हणून तर भिंत चारशे वर्षं जगली. मेव्हिसच्या नवऱ्याने, सिरिलने, एका उन्हाळ्यात तो चुना खरवडला आणि स्वतःच्या हाताने सांध्यांत सिमेंट भरलं. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

पुढे सिरिल वारला. सिमेंटमागे कोंडलेली ओल थंडीत गोठून फुगायची. आतली भर ढासळली आणि रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलं. तीच भिंत पुढे माझ्या घराची होते, त्यामुळे माझी झोपच उडाली.

टेरी गवंड्याने मेव्हिसच्या घरात भिंतीला आतून पडलेल्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली.

"मिसेस पेनफोल्ड, ही तडकली म्हणजे भिंत हलली. मग बूट शोधत बसू नका, बाहेर पळा."

"माझ्या सिरिलचं काम पक्कं आहे," मेव्हिस फणकारली. "तुझ्यासारखं चहा ढोसत केलेलं नाही!"

दोन हिवाळे काच शाबूत राहिली. टेरी डोकं खाजवत म्हणायचा, "पोट तर वाढतंय, मग काच कशी तडकत नाही?" मी मात्र काचेवर विश्वास ठेवला.

एका दुपारी तिच्याकडे चहाला गेले. ती किटली आणायला वळली आणि मी फळीवरचा लग्नाचा फोटो सरळ करायला गेले. बोट थेट सिरिलच्या गालाला लागलं. फोटोला काच नव्हती. शेजारच्या फोटोंनाही नव्हती.

"मेव्हिस, काचा कुठे गेल्या?"

"कापून लावल्या त्या तड्यावर. एक तडकली की दुसरी."

"अगं, मरायचंय का तुला?"

"मलाही भीती वाटते गं. झोपेतही कान भिंतीकडे असतात." तिने किटली खाली ठेवली. "पण टेरीला कळलं तर मला बाहेर काढतील. आणि सिरिलने घराची माती केली, असं गावभर होईल."

तेवढ्यात टक्क असा आवाज झाला. काच आडवी तडकली होती. भिंतीच्या आत खडी घरंगळू लागली. मी मेव्हिसचा हात धरून तिला खेचलं. "फोटो!" ती ओरडली, पण मी हात सोडला नाही. मागच्या दाराने आम्ही बाहेर पडलो आणि भिंत रस्त्यावर कोसळली. माझ्या घराचा कोपराही तिच्याबरोबर गेला.

टेरी धावत आला. धूळ बसल्यावर पाहिलं तर दगडांचे पापुद्रे सुटले होते, कडांचा भुगा झाला होता. मेव्हिस सपाता घालूनच ढिगाऱ्याशी वाकली. तिने सिमेंटचा एक लांब तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"बघ टेरी," ती रडत म्हणाली, "याला तडासुद्धा गेलेला नाही."