दोन चाव्यांची मोटर

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एमबीएची लेखी परीक्षा पास झाले आणि घरात आनंदाऐवजी काळजी पसरली. पुढे ग्रुप डिस्कशन आणि मुलाखत होती. म्हणजे बोलावं लागणार होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी वर्षानुवर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर बसले होते आणि इंग्रजीत गप्प राहण्यात तरबेज झाले होते. ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडलं नाही, तर प्रवेश गेला.

वडिलांनी उपाय काढला. गोखिवऱ्यातल्या आमच्या सोसायटीची कमिटी. "दर रविवारी भांडतात. सरावाला आणखी काय पाहिजे?"

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मला मधल्या खुर्चीवर बसवलं. एका बाजूला चेअरमन, ए विंगचे. दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, बी विंगचे. गणपतीच्या मंडपावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, ते बंदच होतं. विषय वडिलांनी दिला : इंजिनियरनं एमबीए करावं का?

"ओन्ली इंग्लिश," चेअरमननी जाहीर केलं. इंग्रजी तीन मिनिटं टिकली.

"बेटा, त्यांना सांग, इंजिनियर म्हणजे मशीन. मशीनला मॅनेजमेंट कशाला?"

"तूच त्यांना विचार, मशीन दोन दिवस बंद आहे, तेव्हा मॅनेजमेंट काय झोपली होती?" सेक्रेटरी मला म्हणाले.

पाण्याची मोटर बंद होती. वॉचमन गावाला गेला त्या दिवसापासून. मी इकडचं वाक्य तिकडे आणि तिकडचं इकडे देत राहिले. दोघं एकमेकांपासून चार फुटांवर बसले होते. पाऊण तासात माझं स्वतःचं एकही वाक्य झालं नाही. वडील कोपऱ्यातून खुणा करत होते, बोल, बोल.

तेवढ्यात दारात पाचूबंदरची मासळीवाली मावशी उभी राहिली. ती आमच्या गेटवर बसायची, नळ आमचा वापरायची.

"ओ भाव, मावरं धुवाला पानी नाय. मोटर बघनार कोन, तेवडं बोला."

दोघांनी आपापल्या चहात पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनियर तर इथंच बसलीय," सेक्रेटरी म्हणाले.

माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स होता, मोटर मी फक्त पुस्तकात पाहिली होती. हे कुणाला सांगावं, हे ठरवेपर्यंत आम्ही पंपाच्या खोलीपाशी पोचलो होतो. चेअरमननी खिशातून चावी काढून खोली उघडली. आत स्विचच्या पेटीला कुलूप. त्याची चावी सेक्रेटरींच्या खिशात. वॉचमन रोज दोघांच्या घरी जाऊन दोन्ही चाव्या आणायचा. तो गेल्यावर कुणी कुणाकडे मागितली नाही. ए विंगमध्ये मोटर जळली म्हणून सांगितलं गेलं, बी विंगमध्येही तेच.

मी पेटी उघडायला लावली आणि बटण दाबलं. मोटर सुरू झाली.

"शाबास!" चेअरमन म्हणाले. "म्हणून म्हणतो, एमबीएची गरज नाही."

महिन्याभरानं खरं ग्रुप डिस्कशन झालं. विषय होता, खेड्यात आधी संगणक की आधी पाणी. आठ मुलगे एकदम बोलत होते. दहा मिनिटं गेली. समोरच्या प्राध्यापिकेच्या कागदावर माझ्या नावापुढे काहीच नव्हतं, मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मग मावशी आठवली, आणि मी विचारलं, "पण हे करणार कोण?"

आठही जण आपापल्या कागदाकडे पाहू लागले. त्या शांततेत मी दोन मिनिटं बोलले. माझ्या मानानं ते व्याख्यान होतं.

मुलाखतीत नेहमीचा प्रश्न आला, इंजिनियरिंग झाल्यावर हे कशाला? पाठ केलेलं उत्तर सुचेना. मी मोटरची हकिगत सांगितली. मोटर चांगलीच होती, सर, म्हटलं, पण चाव्या दोन होत्या. समोरच्या तिघांपैकी दोघे हसले, तिसऱ्यानं काहीतरी लिहून घेतलं.

प्रवेश मिळाला. सोसायटीच्या फळ्यावर दुसऱ्याच दिवशी अभिनंदनाची सूचना लागली. खरं तर दोन लागल्या. एक चेअरमनच्या सहीची, एक सेक्रेटरींच्या. दोन्हीत माझं यश कमिटीच्या मार्गदर्शनाचं होतं, आणि दोन्हींच्या खाली पाणी सोडण्याची वेळ दिली होती. वेळा वेगवेगळ्या होत्या.