दोरीभाऊंची कपाटगाठ

सकाळचे साडेसात वाजले होते आणि दोरीभाऊ जमिनीवर फतकल मारून आठवड्याची रद्दी बांधत होते. रद्दी म्हणजे इनमिन सात वर्तमानपत्रं आणि औषधाचं एक चपटं खोकं. पण दोरी आधी उभी, मग आडवी, परत उभी, आणि वर अशी गाठ की रद्दीवाला ती सोडवायच्या फंदात न पडता सरळ सुरी काढायचा.

"अहो, रद्दी आहे ती," स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या. "पळून नाही जाणार."

"सैल गठ्ठा जिन्यात सुटला म्हणजे काय होतं, तुला कल्पना नाही."

"काय होतं?"

"शोभा होते."

लोकांची घरं हलवण्यात ज्याची अडतीस वर्षं गेली, त्याच्याशी गठ्ठ्यांवरून वाद घालायचा नसतो, हे आजी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात शिकल्या होत्या. कपाटं, फ्रीज, माणसाएवढे आरसे, काचेच्या कपबशांनी भरलेली शोकेसं, सगळं या माणसाने अरुंद जिन्यांतून खाली आणलं होतं, आणि एका बशीचाही टवका उडाला नव्हता. ट्रकवरच्या मंडळींनी त्यांना दोरीभाऊ म्हणायला सुरुवात केली, ते नाव घरापर्यंत आलं आणि घरातच राहिलं.

आतल्या खोलीत सून रडणाऱ्या साडेतीन महिन्यांच्या मुलीला छातीशी धरून येरझाऱ्या घालत होती. या मुलीला तिचे आजोबा 'पार्सल' म्हणत. पार्सलचा एकच नियम होता: झोप लागेल ती माणसाच्या अंगावर. गादीवर ठेवलं, पाळण्यात ठेवलं, अगदी श्वास रोखून ठेवलं, तरी दोन मिनिटांत भोंगा. मुलाची नोकरी बोटीवर, तो अजून दोन महिने समुद्रात. सून एका दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि तिची रजा रविवारी संपत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात सोमवारपासून बाळ सांभाळायला येणाऱ्या बाई उभ्या होत्या. तीन दिवस आधीच, आणि हातात फुगलेली बॅग.

"मी काही येत नाही बरं का सोमवारी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लेकीची तारीख पुढच्या महिन्यातली, पण काल रात्रीच झाली मोकळी. ती उतावळी, तिचं पोरही उतावळं. दोन महिने तरी मी तिकडेच. गाडी चुकेल, येते!"

बाई गेल्या. सुनेने आजींकडे पाहिलं. आजींनी आपल्या आखडलेल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. त्या खांद्याला पाण्याची कळशीसुद्धा पेलत नव्हती.

"मी सांभाळतो," दोरीभाऊ म्हणाले.

घरात अशी शांतता पसरली की पार्सलसुद्धा रडायची थांबली.

"बाबा," सून जपून म्हणाली, "तुम्ही तिला आजपर्यंत चार वेळा घेतलंय. आणि चारही वेळा 'कुठे उतरवू?' असं विचारलंय."

ते दोरीभाऊंना लागलं. कोण कुठली अनोळखी माणसं आपल्या पणजीच्या काळचा आरसा त्यांच्या हाती देऊन निर्धास्त चहा प्यायला जायची. आणि स्वतःच्या घरात साडेसहा किलोचा एक नग त्यांच्यावर सोडायला कोणी तयार नव्हतं. बरं, आतून तेही टरकलेच होते, ही गोष्ट वेगळी. आरसा निदान हातात असताना मान टाकत नाही.

सुनेने पार्सलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आमच्या दवाखान्यातली एक जण मुलाला विणलेल्या कापडाने अंगाशी बांधते. दिवसभर. पलीकडच्या रस्त्यावर एक विणकरीण बाई ती कापडं विकते म्हणे. उद्या आपण जाऊ. तुम्हाला जमतंय असं मला दिसलं, तर सोमवारी मी कामावर जाईन. नाही दिसलं, तर रजा वाढवून मागेन. मिळेल असं वाटत नाही. मग नोकरी गेली तर गेली."

"जमेल," दोरीभाऊ म्हणाले. "बांधणं म्हणजे माझाच प्रांत."

दुसऱ्या दिवशी पार्सलला आजींच्या मांडीवर सोपवून दोघं निघाले. दोरीभाऊंच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत तांदळाचं पोतं. बाथरूममधल्या काट्यावर तीनदा मोजून साडेसहा किलो भरलेलं. हलक्या वजनावर चाचणी घेणं त्यांच्या धंद्यात पाप होतं. पोत्याच्या तोंडाची शिवण खरखरीत होती, कापडाला ओरखडे नकोत म्हणून आजींनी त्यावर पार्सलची लोकरी टोपी चढवून दिली होती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे दोन माग, पुढे भिंतभर फळ्यांवर कापडाच्या घड्या. विणकरीण उंच, किडकिडीत, केसांत धाग्यांचे तुकडे.

"पट्टा दाखवा," दोरीभाऊ म्हणाले. "सगळ्यात जाड."

"पट्टा गुरांना आणि ट्रंकांना. हे कापड आहे," ती म्हणाली. "आणि जाड कशाला? उकडून मरेल पोर. जाड म्हणजे मजबूत, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अडतीस वर्षं..."

"अडतीस वर्षं मीही हेच करतेय. धरा हे टोक."

दोरीभाऊंनी टोक धरलं. तिने कापड लांबीत ओढलं, रुंदीत ओढलं. हूं की चूं नाही. मग तिरकं ओढलं, तसं ते अलगद लवलं आणि सोडताच परत जागेवर आलं.

"ताणा आणि बाणा, उभे-आडवे दोन्ही धागे घट्ट, म्हणून वजन पेलतं. तिरकं लवतं, म्हणून पोराच्या पाठीला धरून बसतं. तुमच्या दोरीला हे जमतं का?"

दोरीभाऊंनी नाक कापडाला टेकेपर्यंत वाकून किनार तपासली, शिवण नखाने खरवडून पाहिली, एक कोपरा दिव्यासमोर धरला. "हं," एवढंच म्हणाले. दोरीभाऊंच्या तोंडून आलेला 'हं' म्हणजे मानपत्र असतं, हे विणकरणीला कळायचं कारण नव्हतं, पण सुनेला कळलं.

"रंग राखाडी द्या. डाग दिसत नाहीत."

"आधी माप. मध्यम घेर असेल तर..." विणकरणीने त्यांच्या पोटाभोवती फीत फिरवली, मग आणखी थोडी फिरवली. "मध्यम नाही. राखाडीत एवढं लांब आज शिल्लक नाही, विणून द्यायला पंधरा दिवस लागतील. सरावाला हे घ्या तोवर."

स्टुलावर पडलेलं जे कापड तिने पुढे केलं, ते पोपटी आणि जांभळ्या चौकड्यांचं होतं. चौकडे ताटाएवढे. कोणीतरी हौसेने विणायला सांगून, बघून, न घेता निघून गेलं होतं.

"दुरूनसुद्धा दिसेल हे," दोरीभाऊ म्हणाले.

"सरावाला काय होतंय?" सून म्हणाली.

कापडाच्या मध्यावर खुणेचा दोरा होता. तो छातीवर, दोन्ही टोकं पाठीमागे, पाठीवर फुली, खांद्यांवरून पुढे. आता सुनेने टोपीसकट पोतं आत बसवलं. टोकं खेचून, पोत्याच्या बुडाखाली फुली करून परत मागे नेली. विणकरीण सांगत होती, "आणि आता कमरेवर दोन साध्या गाठी. साध्या हं. बास."

पण तोवर दोरीभाऊंचे हात मागे गेले होते, आणि त्या हातांना साधी गाठ येत नव्हती. कपाट जिन्यात तिरकं झालं तर सुटू नये म्हणून मारायची ती गाठ त्यांनी मारली. ट्रकवर तिला कपाटगाठ म्हणत. ओढाल तितकी आवळते.

मग ते खोलीभर फिरले. दारातून गेले, आले, उंबऱ्यावर पाय उचलून टाकला, खाली बसून उठले. पोतं इंचभर हललं नाही.

"छान," विणकरीण म्हणाली. "आता सोडा."

दोरीभाऊंनी हात मागे नेले. चाचपले. चेहरा हळूहळू लांबला.

"काय झालं, बाबा?"

"ही गाठ सोडायची म्हणजे आधी माल खाली उतरवावा लागतो. मग ती ढिली होते."

"मग उतरवा की."

"माल गाठीनेच बांधलाय ना."

सुनेने पोतं खालून उचलून धरलं. विणकरणीने मागून गाठ ओढली. ती आणखी आवळली.

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

"हे आत घेतलेलं आहे?"

"बाई, मापात राहून बोला!"

"मापाबाहेर कोण आहे ते फितीने सांगितलंय मघाशी!"

सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे गदगदत होते. दोरीभाऊंना वाटलं ती रडतेय, आणि आत घेतलेलं पोट त्यांनी सोडून दिलं. संपलं. गेली हिची नोकरी. मग ती वळली, तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसणं म्हणजे होकार नव्हे, हे त्यांना समजत होतं.

"कात्री आणा," ते म्हणाले.

विणकरणीने कमरेवर हात ठेवले. "मी विणलेलं मी कापत नाही. आणि दुसऱ्याला कापू देत नाही. घरी जा, शांतपणे सोडवा."

"म्हणजे हे विकत घ्यायचं?"

"नाहीतर काढून ठेवा इथे आणि जा."

अशा रीतीने निवड झाली. सुनेने पैसे दिले आणि दोरीभाऊ पोपटी-जांभळ्या चौकड्यांत, छातीवर तांदूळ घेऊन, बसमध्ये चढले.

चढताच तिघे प्रवासी उठून उभे राहिले. त्यांना बसायला जागा मिळाली, सून पुढे दांडीला धरून उभी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी टोपीकडे पाहून मान कलती केली.

"किती गुणी हो! रडणं नाही, काही नाही."

"नाही," दोरीभाऊ म्हणाले. "ते नाही रडत."

"वजन चांगलं आहे."

"साडेसहा."

"नाक कोणावर गेलंय?"

"कोणावरच नाही," दोरीभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

बाई आणखी काही विचारणार, तेवढ्यात ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. सगळी बस पुढे झुकली. सून कशीबशी दांडीला लटकली आणि सावरून तिने मागे पाहिलं. दोरीभाऊंचा डावा हात समोरच्या सीटवर घट्ट रोवलेला होता. उजवा हात टोपीमागे होता, बोटं पसरून, जिथे मान असायला हवी बरोबर तिथे. बस चालू लागली, लोक ड्रायव्हरला नावं ठेवून शांत झाले, तरी तो हात तिथेच होता. अंगठा टोपीवर हळूहळू फिरत होता. तांदळाच्या पोत्याला ते थोपटत होते.

सुनेने ते पाहिलं. घरी आल्यावर आजींनी चमच्याचा दांडा गाठीत खुपसून ती अर्ध्या मिनिटात सोडवली. "चाळीस वर्षं यांच्या गाठी सोडवतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला कोणी दुकानात नेत नाही." मग सुनेने पार्सलला उचललं, सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता खरी बांधा. आणि दोन साध्या गाठी. माझ्यासमोर."

पूर्ण रविवार दोरीभाऊ साध्या गाठी शिकले. सोपं नव्हतं.

सोमवारी सव्वाआठला सून निघाली. पार्सल चौकड्यांत, डोळे टक्क उघडे, ओठ काढायच्या बेतात. दोरीभाऊ खोलीच्या मधोमध, पाय फाकवून. दार लागलं. सून जिना उतरत असेल-नसेल तोच त्यांचा फोन थरथरला. तो शर्टाच्या खिशात होता. खिसा कापडाखाली, आणि मध्ये पार्सल. हात पोचण्याचा प्रश्नच नव्हता. फोन थरथरून थांबला. पुन्हा थरथरला, बहुधा कोपऱ्यावरून. तिसऱ्यांदा बसथांब्यावरून. आजी न्हाणीघरात, नळ चालू.

पाच मिनिटांनी दार धाडकन उघडलं. दारात सून, केस विस्कटलेले, एका चपलेचा पट्टा तुटलेला.

"काय झालं? फोन का नाही उचलत?"

दोरीभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी खाली खूण केली. पार्सलचा गाल त्यांच्या खिशावर टेकला होता, तोंड अर्धं उघडं, लाळेचा एक थेंब पोपटी चौकड्यावर. गाढ झोपलेली.

"पहिल्या फोनला डोळे जड झाले," ते कुजबुजले. "दुसऱ्याला मिटले. तिसऱ्याला घोरायला लागली."

सून दाराला टेकून श्वास घेत राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं आणि चप्पल बदलली.

"मी जाऊ ना, बाबा?"

"जा. फक्त एक कर," दोरीभाऊ म्हणाले. "दर अर्ध्या तासाने असाच फोन करत जा. मी उचलणार नाही."