टीसी आमच्याकडे राहू द्या

जून लागला की आम्ही प्राध्यापक मंडळी दारोदार फिरतो. पुण्याकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतोय. मी अमरावतीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की स्टाफरूम ओस पडते आणि सगळ्यांच्या मोटारसायकली खेड्यांच्या वाटेला लागतात. विषयाला ठरावीक मुलं मिळाली नाहीत तर कार्यभार कमी होतो. कार्यभार कमी झाला की माणूस 'अतिरिक्त' ठरतो, आणि अतिरिक्त माणसाला उचलून कुठे टाकतील याचा नेम नाही. म्हणून आम्ही गावं वाटून घेतो. माझ्या वाट्याला भातकुलीकडची आहेत.

या फेरीत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे टीसी, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, ताब्यात घेणं. पोरगं 'हो' म्हणालं याला काही अर्थ नसतो. दुपारी दुसऱ्या कॉलेजचे लोक येतात आणि ते त्यांनाही 'हो' म्हणतं. दाखला मात्र एकच असतो, आणि तो ज्याच्या बॅगेत गेला त्याचा तो विद्यार्थी. म्हणून चहा संपता संपता आम्ही सहज आठवल्यासारखं म्हणतो, टीसी आमच्याकडे राहू द्या, घरी हरवेल-बिरवेल. हे वाक्य मी इतक्या घरांत बोललोय की बोलताना मला काही वाटायचं बंद झालं होतं.

चार वर्षांपूर्वी असाच एका घरी गेलो. बाई आठवडी बाजारात भाजी विकायची, नवरा शेतात. घरात दोन मुली, मोठी नुकतीच बारावी झालेली आणि धाकटी नववीत. मोठीचे मार्क चांगले होते, म्हणजे आमच्या हिशेबाने फारच चांगले. अशी मुलगी मिळाली तर नुसता आकडाच वाढत नाही, वर्गात शिकवावंसंही वाटतं.

"पोरीनं नर्सिंगचं धरलं हाय मनात," आई म्हणाली. "अकोल्याले जातो म्हंते. मले तं काई समजत नाई सर, तुमीच सांगा तिले."

मी काही सांगायच्या आत मुलगीच बोलली. "नर्सिंगले नोकरी लागते. बीएले काय हाय?"

मला राग आला. खोटं बोलली असती तर आला नसता. मग मी सुरू झालो. नर्सिंग म्हणजे रात्रपाळी, होस्टेल, परक्या गावात दुखलंखुपलं तर कोण पाहणार, हे सगळं आईकडे बघून सांगितलं. आणि भूगोलात किती स्कोप आहे ते मुलीकडे बघून. नकाशे आता कॉम्प्युटरवर होतात, सॅटेलाइटचं काम असतं, सरकारी सर्व्हे असतात, स्पर्धा परीक्षेत भूगोलाचे प्रश्न तर हमखास. आमच्या विभागात तेव्हा दोन कॉम्प्युटर होते, त्यातला एक सुरू व्हायचा. ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

आईने विचारलं ते वेगळंच. "तुमची पोरगी काय करून राहिली सर?"

"अकोल्याले आहे," मी म्हणालो, "शिकून राहिली." आणि कप तोंडाला लावला.

काय शिकते, ते त्यांनी विचारलं नाही. माझी मुलगीही त्याच वर्षी बारावी झाली होती आणि त्याच आठवड्यात मी आणि बायको तिला अकोल्याला नर्सिंगच्या कोर्सला घालून आलो होतो. जाण्याआधी ती माझी थट्टा करत म्हणाली होती, "बाबा, मीच भूगोल घेते ना, तुमचा एक आकडा वाढेल." मी तिच्यावर ओरडलो होतो. वेड लागलंय का, म्हणालो होतो, असल्या गोष्टीत थट्टा नको. तिला पांढरे बूट घेताना दोन दुकानं पालथी घातली आम्ही. पहिल्या दुकानातल्या बुटांचा तळ कडक वाटला मला. दिवसभर उभं राहायचं असतं.

तर त्या घरून मी टीसी घेऊन निघालो. मुलगी शेवटपर्यंत 'हो' म्हणाली नव्हती. आईने कपाटातून दाखला काढला आणि मुलीने तो काढू दिला, एवढंच. बाहेर पडल्यावर सोबतचे इतिहासवाले सर म्हणाले, जमलं बुवा तुमचं. माझा जीव भांड्यात पडला होता, हे खोटं कशाला सांगू.

ऑगस्टमध्ये ती कॉलेजात आली. तास सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. अकोल्याला एका जागेवर नाव लागू शकतं असं तिला मैत्रिणीकडून कळलं होतं आणि तिला टीसी परत हवी होती. ऑफिसच्या दारापर्यंत मीच तिच्यासोबत गेलो. आत बाबू बसला होता, मला दिसत होता. मी तिला दारातच थांबवलं, आत डोकावून आलो आणि म्हणालो, बाबू सुट्टीवर आहे, सोमवारी ये. सोमवारपर्यंत तिकडची मुदत संपणार होती. ते तिने मला सांगितलं होतं, म्हणून तर मला माहीत होतं.

सोमवारी ती आली, पण टीसी मागायला नाही. वर्गात येऊन बसली.

त्यानंतरची तीन वर्षं ती माझ्याकडे भूगोल शिकली, आणि फार चांगला शिकली. मी वाईट शिकवत नाही. उलट त्या वर्षांत मी जरा जास्तच जीव ओतून शिकवलं, का ते माझं मला ठाऊक. भातकुलीकडच्या विहिरींचं पाणी खारट का, हा प्रश्न तिने पहिल्याच वर्षी विचारला होता. मी सगळ्या वर्गाला पूर्णा नदीच्या काठावर घेऊन गेलो, मातीचे थर दाखवले, खारपाणपट्टा कसा झाला ते समजावलं. तिने त्या पट्ट्याचा नकाशा काढला तो अजून आमच्या विभागाच्या भिंतीवर आहे. पाहुणे आले की मी तो दाखवतो. बरं वाटतं, आणि लगेच बरं वाटेनासं होतं. एखाद्याचं ताट ओढून घ्यायचं आणि मग त्याला प्रेमाने पापड वाढायचा, तसलाच हा प्रकार.

ती कॉलेजात पहिली आली. मग पोलीस भरतीसाठी सकाळी रस्त्यावर धावू लागली, पण उंचीत बसली नाही. आता भातकुलीला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. मला रस्त्यात भेटली की गाडी थांबवायला लावते आणि नमस्कार करते. मी त्या रस्त्याने जाणं कमी केलं होतं.

यंदा जून आला. आता विषय म्हणायचं नाही, मेजर म्हणायचं, तशा सूचना आहेत. मुलाने पहिल्याच वर्षी मेजर निवडायचा असतो आणि त्यामुळे आमची ओढाताण आणखी वाढली आहे. शेवटी मला एक विद्यार्थी कमी पडत होता. यादीत त्या घरची धाकटी होती. मी ते गाव दुसऱ्या कुणाला देऊ पाहिलं, पण ज्याने त्याने आपापलं लावून धरलेलं. गेलो.

आईला आनंद झाला. "मोठीले तुमीच लाइनले लावलं सर," ती म्हणाली, "आता हिचं बी पाहून घ्या."

मोठी दुकानातून जेवायला घरी आलेली होती. तिने आतून प्लास्टिकची फाइल आणली, त्यात धाकटीची टीसी होती. मागायचीसुद्धा गरज पडली नाही. धाकटी दाराशी उभी होती. मोठी तिला म्हणाली, "भूगोलात लय स्कोप हाय. सॅटेलाइटचं काम असते, सर्व्हे असतात. फक्त मेहनत कराव लागते. माह्यासारखं नको करू. मी कमी पडली."

मी बॅगेची चेन उघडली होती. ती माझीच वाक्यं होती, पण ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. स्कोप आहे, सर बोलले म्हणजे आहेच, आपणच कुठेतरी कमी पडलो. इतकी वर्षं मी तिच्या डोळ्यांत राग शोधत होतो, म्हणजे मग मला खाली मान घालता आली असती. राग नव्हताच. तिने सगळा दोष स्वतःच्या पदरात बांधून घेतला होता आणि तेच आता बहिणीला शिकवत होती.

"तू कमी नाही पडली," मी म्हणालो. "हिले नर्सिंगले टाका. अकोल्याले. माझी पोरगी तेच शिकली, आता दवाखान्यात लागली तिथंच."

आई गोंधळली. "तुमची पोरगी? कवा गेली होती ते?"

"मोठीच्याच वर्षी."

मोठी माझ्याकडे बघत राहिली. ती हुशार आहे, तिला जुळवायला वेळ लागला नाही. "मी टीसी मांगाले आली होती, सर," ती म्हणाली. "त्या दिवशी बाबू खरंच सुट्टीवर होता का?"

"नाही. आत बसला होता."

"मंग काहून?"

"माझी नोकरी जात होती," मी म्हणालो. म्हणता म्हणताच मला माझी लाज वाटली. नोकरी जात नव्हती, फार तर बदली झाली असती. तेही मी मग सांगितलं. सांगितल्याने ते आणखी वाईट दिसलं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने फाइल माझ्यासमोरून उचलली आणि धाकटीच्या हातात दिली. आई तिला काहीतरी विचारत होती, काय झालं, सर काय म्हणून राहिले. मग मला म्हणाली, "तुमच्या पोरीचा नंबर द्या. कागदं काय लागतात ते विचाराव लागीन."

मी नंबर सांगितला. तिने मोबाइलमध्ये घेतला आणि दुकानात निघून गेली. या वेळी नमस्कार केला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

आकडा एकाने कमी राहिला. पुढे काय होईल ते ऑगस्टमध्ये कळेल. स्टाफरूममध्ये मी सांगितलं की ती मुलगी दुसरीकडे गेली. सगळ्यांनी दुसऱ्या कॉलेजला शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या.

रविवारी माझी मुलगी अकोल्याहून सुट्टीवर घरी आली. जेवायला बसलो तेव्हा तिनेच विषय काढला. "बाबा, भातकुलीहून एका मुलीचा फोन आला होता. तुम्ही नंबर दिला म्हणाली. बहिणीच्या अ‍ॅडमिशनचं विचारत होती, सगळं नीट लिहून घेतलं तिने."

"बरं झालं," मी म्हणालो.

"मग शेवटी तिने स्वतःचंच विचारलं. बीए झाल्यावर घेतात का म्हणून. मी म्हटलं घेतात की, फक्त पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागेल." तिने पोळी मोडली. "मग म्हणाली, राहू द्या, घरचे दोघींना एकदम नाही पाठवू शकत, आधी लहानीचं होऊ द्या. मला कसंतरीच झालं बाबा. माझ्याच वयाची आहे ती. बारावीनंतर तिला कुणी नीट सांगितलं नाही वाटतं."

बायको वाढता वाढता थांबली. तिला थोडंफार माहीत होतं.

"मी गेलो होतो तिच्या घरी," मी म्हणालो. "सांगायलाच."

मुलीने विचारलं, "मग काय सांगितलं?"

मी ताट बाजूला सरकवलं आणि रात्रपाळीपासून सुरुवात केली. त्या घरी जे बोललो होतो ते सगळं, शब्दशः, तिला सांगत गेलो.