पाच प्रतींत वायरलेस

सरकारी परवान्याचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. फाईल कपाटात ठेवून द्या, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी धरावी तसे ते आपोआप धरतात. माझ्याकडे अशा सात फायली आहेत. त्यातलं काय खरं घडलं आणि काय मी सांगून सांगून तसं करून टाकलं, याबद्दल अलीकडे मला शंका येते. पण कागद आहेत. शंका आली की मी कागद काढून बघतो.

नव्वदच्या दशकात भाऊसाहेबांनी नाशकात वायरलेसची कंपनी काढायचं ठरवलं. भाऊसाहेब लासलगावकडचे, कांद्याच्या ट्रकांचे मालक. ट्रकमध्ये, अँब्युलन्समध्ये रेडिओ सेट बसवायचे, द्वारका चौकातल्या ऑफिसच्या गच्चीवर मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, उभारायचा आणि ऑफिसातून सगळ्यांशी बोलायचं, अशी योजना. मोबाइल तेव्हा फक्त सिनेमात दिसायचा. दोन ट्रक विकून त्यांनी सेट मागवले. परवाना मिळाला नाही, किंवा मिळून रद्द झाला, तर त्या सेटांचा उपयोग पेपरवेट म्हणून.

मी इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेला, अँटेनावर पीएच.डी. केलेला प्राध्यापक. अर्जात ‘जबाबदार तांत्रिक व्यक्ती’ असा रकाना होता. भाऊसाहेबांनी तिथे माझं नाव घातलं आणि मग मला विचारलं. नियम मोडला तर तुरुंगवासाची तरतूद होती. ते कलम मला आजही तोंडपाठ आहे.

*

पहिला अर्ज मास्टच्या जागेचा. अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत द्यायचे, पाच प्रतींत. मी सर्व्हेचा नकाशा पसरून तीन दिवस गणित केलं. चार वेळा तपासलं. पाचव्यांदा बायकोला मोठ्याने वाचायला लावून तपासलं.

चार महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं. तुमचा मास्ट गंगापूर धरणाच्या पाण्यात येतो, पाण्यावरच्या केंद्रासाठी अर्जाचा नमुना वेगळा आहे, तो भरावा.

चाळीस वर्षं मुलांना शिकवलं आणि एक गच्ची मला जमिनीवर ठेवता आली नाही! त्याच दिवशी मी दोन पानी माफीपत्र रजिस्टरने पाठवलं. मग आमची प्रत काढून बघितली, तर आकडे बरोबर होते. दिल्लीच्या टायपिस्टने दोन आकडे उलटे मारले होते.

भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचून घडी घातली. म्हणाले, "सर, चूक त्यांची, माफी तुमची. आता धरण त्यांना हलवू द्या, मास्ट हाय तिथंच राहील."

*

मग माझ्या चारित्र्याची चौकशी. एक हवालदार घरी आले. वायरलेसचं यंत्र कशासाठी पाहिजे, एवढंच त्यांनी विचारलं. अर्धवट उत्तर दिलं तर संशय येईल, असं मला वाटलं. म्हणून मी लहरी म्हणजे काय इथून सुरुवात केली. पाऊण तास बोललो. पाठकोऱ्या कागदावर आकृत्या काढल्या. हवालदारांनी दोन कप चहा घेतला आणि एकदाही मान हलवली नाही.

पुढे त्या अहवालाची नक्कल आमच्या फायलीत आली. एकच ओळ होती : ‘अर्जदार निरुपद्रवी असून फार बोलतो.’

बायको म्हणाली, सरकारने तुमच्याबद्दल आजवर लिहिलेलं हे एकमेव खरं वाक्य.

*

परवाना यायच्या आधी सेट येऊन पडले. ते बाळगायची परवानगी आली होती, पण चालवायची नव्हती. खोकी लाखेने सीलबंद. सील तुटलं तर सगळं रद्द, म्हणून मी रोज सकाळी द्वारकेला जाऊन सील मोजायचो. बाविसाव्या खोक्याच्या सीलवर मुंगी बसली तरी मला घाम फुटायचा.

दसरा आला. भाऊसाहेबांनी ट्रकांची पूजा केली, झेंडू बांधले आणि ताम्हन घेऊन ऑफिसात शिरले. हत्यारं-अवजारं पुजायची तर सेट का नाही? मी दारात आडवा उभा राहिलो. पूजा म्हणजे ‘वापर’ ठरला तर? कायद्यात ‘वापर’ या शब्दाची व्याख्या फार सैल होती.

भाऊसाहेबांनी माझ्या हातात ताम्हन दिलं. "सर, खोक्याला हळदकुंकू लावायला लायसन लागत नाय. आन लागत आसंल, तर देवीवर केस करू द्या त्यांना."

दोन दसरे आम्ही बंद खोक्यांना ओवाळलं. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी विचारलं, आत काय आहे? भाऊसाहेब म्हणाले, "ते बगायची परवानगी यायचीय."

*

शेवटी आम्ही दोघं दिल्लीला गेलो. फाईल सापडत नाही, बाहेर थांबा, असं सांगण्यात आलं. व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं ताटकळत होती. ओळख असलेला येई आणि सरळ आत जाई.

भाऊसाहेबांनी अर्धा दिवस हे बघितलं. लासलगावच्या मार्केटला कांद्याच्या लिलावाला ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथे ते लहानपणापासून वाढलेले. मध्ये घुसणं तिथे चालत नाही. जेवणानंतर त्यांनी खिशातून खडू काढला आणि व्हरांड्यातल्या प्रत्येक माणसासमोर फरशीवर नंबर टाकला. मी चौदा होतो, पलीकडे उभे असलेले ते स्वतः सतरा. मी त्यांना दबक्या आवाजात सांगितलं की सरकारी फरशीवर लिहिणं हा गुन्हा असू शकतो. त्यांनी माझा चौदा जरा ठळक केला.

थोड्या वेळाने एक गुळगुळीत सुटातले गृहस्थ आले आणि दाराकडे निघाले. भाऊसाहेब आडवे आले.

"साब, आपका नंबर एकतीस है."

"आप कौन हैं?"

"हम सतरा हैं."

व्हरांडा हसला. आतून अधिकारी बाहेर आले. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी दरडावून विचारलं. भाऊसाहेबांनी हात जोडले. "साब, हमारे यहाँ नंबर छोडके कोई आगे गया, तो पीछेवाला ट्रॅक्टर आडवा लगाता है. यहाँ ट्रॅक्टर नहीं है, तो हम लगे."

मला वाटलं, झालं, आता अटक. पण तिसऱ्या दिवशी शिपाई दारातून ओरडला, "चौदा नंबर!" आमची फाईल म्हणे पंख्याच्या स्टँडखाली होती. स्टँड डुगडुगत होता.

*

परवान्याबरोबर ऑपरेटरची परीक्षा आली. आमच्या ऑपरेटर नलूताई. नाशिक रोडला राहायच्या, टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. वय साठीच्या जवळ, आवाज विशीतला.

तोंडी परीक्षेला परीक्षकाने विचारलं, निरोपाची गुप्तता कशी राखाल? मी त्यांना उत्तर लिहून दिलं होतं, कलमाच्या आकड्यासकट. नलूताईंनी तो कागद पर्समधून काढलाच नाही.

"साहेब, या शहरातली कितीतरी लग्नं माझ्या कानासमोर जुळली आणि मोडली. एक सांगू का?"

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "सांगा की."

"नाही सांगणार. हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर."

पास झाल्या. मी लिहून दिलेलं कलम, नंतर लक्षात आलं, चुकीचं होतं.

*

एवढं करून सेवा सुरू झाली आणि परवान्यातली अकरावी अट आमच्या मानगुटीवर बसली. वायरलेस टेलिफोनला जोडायचा नाही. म्हणजे ड्रायव्हर आमच्या ऑफिसशी बोलू शकतो, पण त्याच्या घरचा फोन आला तर तो ड्रायव्हरपर्यंत पोचवता येत नाही. गिऱ्हाइकांना नेमकं तेच पाहिजे होतं. दोन महिन्यांत निम्मे लोक सेट परत करतो म्हणू लागले. जोडणारी पेटी बाजारात मिळत होती. ती बसवली असती तर परवाना गेला असता.

नलूताईंनी मला अट मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली : कोणत्याही तारेने, यंत्राने वा उपकरणाने जोडणी करता येणार नाही. त्या म्हणाल्या, "तोंडाने?"

मी रात्रभर अट वाचली. तोंडाबद्दल काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नलूताई डाव्या कानाला टेलिफोन आणि उजव्या हातात वायरलेसचा माइक घेऊन बसू लागल्या. इकडचं वाक्य जसंच्या तसं तिकडे, तिकडचं इकडे. स्वतःचा एक शब्द त्यात नाही, भावना तर अजिबात नाही. एका व्यापाऱ्याने फोनवरून ड्रायव्हरला दहा मिनिटं झापलं. नलूताई स्वच्छ आवाजात सांगत होत्या, "तू गाढव आहेस, तुझा बाप गाढव होता, ताडपत्री का नाही टाकली, ओव्हर." ड्रायव्हरचं उत्तर आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि तेही शेठना अक्षरशः सांगितलं. शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही मला हे बोलता?" नलूताई म्हणाल्या, "मी बोलतच नाही शेठ. मी तार आहे."

एक ड्रायव्हर आणि त्याची बायको यांचं भांडण याच पद्धतीने सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी समेट झाला, तेव्हा शेवटचं वाक्य सांगायला मात्र नलूताईंनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं.

गिऱ्हाइकं टिकली. कंपनी त्या अडीच फूट अंतरावर उभी होती, एका कानापासून एका हातापर्यंत. मला झोप लागत नसे. तार नसली तरी हेतू तारेचाच होता ना? भाऊसाहेबांना हे बोललो की ते म्हणत, "सर, तुम्ही आपल्या बाजूनी हाय का त्यांच्या?" मला खरंच कधीकधी कळायचं नाही.

*

शंका मला होती तशी आणखी कोणालातरी होती. आमच्याकडे बेकायदा जोडणी असल्याची तक्रार गेली आणि दोन हजार सालानंतरच्या एका दुपारी मुंबईहून तपासनीस आले. तरुण, नम्र, हातात मापनयंत्रांची पेटी. जोडणी सापडली तर सेट जप्त, परवाना रद्द आणि पुढची कारवाई जबाबदार तांत्रिक व्यक्तीवर. हे त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं.

त्यांनी दोन तास शोधलं. सेट उघडला, टेलिफोन उघडला, भिंतीवर टिचक्या मारल्या, गच्चीवर जाऊन आले. तार नव्हती. मग त्यांनी नलूताईंना विचारलं, की मग निरोप जातो कसा? नलूताईंनी करून दाखवला. त्यांनी नियमांची पुस्तिका दोनदा चाळली. शेवटी म्हणाले, नियमात हे बसतं की नाही हे मला ठरवावं लागेल. ते ठरेपर्यंत इथून तिथे एकही शब्द जाता कामा नये.

नलूताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आणि टेलिफोन वाजला.

आमच्या गोविंदा ड्रायव्हरचे वडील होते, नाशिकच्याच एका दवाखान्यातून. गोविंदाच्या आईला तातडीने ऑपरेशनला न्यायचं होतं, आणि पोरगा आल्याशिवाय मी आत जाणार नाही म्हणून ती खाटेची दांडी धरून बसली होती. गोविंदा वाशीहून रिकामा ट्रक घेऊन तासाभरापूर्वी आमच्या दारावरून लासलगावकडे गेला होता. निफाडच्या पुढे आमचा आवाज पोचत नसे. त्याच वेळी सेटवर त्याचाच आवाज आला : चांदोरी सोडली, निफाड आलंच, ओव्हर.

नलूताईंनी तपासनिसांकडे बघितलं. मग माझ्याकडे. परवान्यावर नाव माझं होतं.

मला शूर म्हणू नका. ते कलम डोक्यात स्पष्ट दिसत होतं, दंड अधिक कारावास. मी टेलिफोन डाव्या हातात घेतला, माइक उजव्या.

तपासनीस उठले. "सर, मला हे लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणालो. "माझ्या नावाने लिहा. स्पेलिंग सांगतो."

आणि मी टेलिफोनमध्ये ‘ओव्हर’ म्हणालो आणि माइकमध्ये ‘हॅलो’. गोविंदा विचारत होता कोण बोलतंय, म्हातारा विचारत होता फोन लागला का. निफाड जवळ येत होतं.

"तुमच्याने नाही व्हायचं सर, द्या इकडे," नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही माझ्या हातातून काढून घेतलं. "गोविंदा, मी तुझा बाप बोलतोय. ट्रक वळव. तुझी आई तुझ्यासाठी अडून बसलीय. ओव्हर."

सेट खरखरला. मग गोविंदाचा आवाज आला आणि नलूताईंनी तो टेलिफोनमध्ये सांगितला, "वळलो, आबा. तिला म्हणावं, वळलो."

म्हातारी पुढे बरी झाली. पण त्या वेळी आम्हाला ते माहीत नव्हतं. तपासनीस खाली बसले, छापील अहवाल पुढे ओढला आणि लिहू लागले. मध्येच मान वर करून त्यांनी नलूताईंना वय विचारलं. चौसष्ट, त्या म्हणाल्या, का? त्यांनी आकडा लिहिला. सही केली, शिक्का मारला, एक प्रत माझ्याकडे सरकवली आणि पेटी उचलून जिना उतरले.

ती प्रत सातव्या फायलीत आहे. अक्षर सुवाच्य आहे, त्यामुळे इथे तरी मला शंका नाही.

‘जोडणी आढळली काय : होय.
उपकरणाचा प्रकार : बाई, वय ६४.
नियमांत उल्लेख : नाही.
जप्ती : प्रयत्न करण्याचे धाडस झाले नाही.’